घडी

1948. कल्याण स्टेशन. तुम्ही डोंबिवलीचे, गर्दीला सरावलेले. पण ही गर्दी धावत नाही. हिला कुठलीच गाडी पकडायची नाहीये. कराचीहून बोटीने मुंबई, तिथून रेल्वेने इथे, असं आलेली सिंधी कुटुंबं पत्र्याच्या ट्रंकांवर बसून आहेत. महायुद्धात लष्करासाठी उभारलेल्या बराकींत त्यांची सोय होणार, एक ते पाच नंबरच्या छावण्यांत. 8 ऑगस्ट 1949 ला त्या वस्तीचं उल्हासनगर होईल. तरी आजही तिकडचा रिक्षावाला ‘कॅम्प तीन की चार?’ असंच विचारतो.

ज्या मुलीच्या मागे आपण निघालोय ती इथे सापडणार नाही, शोधू नका. चित्रकार नलिनी मलानीचा जन्म 1946 चा, कराचीतलाच. पण फाळणीत तिचं घर आधी कलकत्त्याला गेलं, मुंबईला नंतर आलं. ट्रंका मात्र नीट बघून ठेवा.

चढा लोकलमध्ये. व्हीटीला उतरून काळा घोड्याला पोचता तेव्हा 1992 आहे. जे.जे.त शिकलेली ती मुलगी आता लोहार चाळीत स्टुडिओ थाटून हातगाड्यांमधली, फुटपाथवरची माणसं रंगवते. जहांगीरमधल्या केमोल्ड गॅलरीत तिने थेट भिंतीवरच चित्र काढलंय : ‘सिटी ऑफ डिझायर्स’. पंधरा दिवसांनी त्यावर पांढरा रंग फिरणार. राजस्थानातल्या नाथद्वाराची भित्तिचित्रं आबाळीने नष्ट होत चाललीत, त्याचा हा निषेध. मग गॅलरीवाल्यांनी विकायचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात आधी पडला. पगारदार मनाचं काय करायचं!

शेजारच्याच आवारात प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. चार पावलं, पण तेवढ्यात 1999 उजाडतं. मधे मे 1998 मध्ये पोखरणला स्फोट झालेत, पाठोपाठ पाकिस्तानने चागईत केलेत. मंटोच्या ‘टोबा टेक सिंग’ या फाळणीवरच्या गोष्टीतला बिशनसिंग दोन देशांच्या कुंपणांमधल्या बिनमालकीच्या मातीत कोसळतो. स्फोटांनंतर त्याचीच आठवण घेऊन मलानीने ही खोली मांडलीय, ‘रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग’.

अंधारात बारा पत्र्याच्या ट्रंका, झाकणं उघडी. आत कपडेलत्त्याच्या जागी टीव्ही. तुम्ही वाकता. पडद्यावर निर्वासितांचे तांडे चाललेत. कल्याणला पाहिलं तेच, फक्त देश निराळे.

(मलानीच्या वाटेवर पुढे 2017 मध्ये पॅरिसचं पाँपिदू सेंटर आहे, 2023 चं क्योतो पारितोषिक आहे. तिथवर आपली लोकल जात नाही.)

समोरासमोरच्या भिंतींवर दोन बायका. दोघी एकाच साडीची घडी घालू पाहतायत. लहानपणी आईला पदराचं टोक धरून दिलेलं तुम्हाला आठवतं : ताणायचं, झटकायचं, मग चालत जायचं आणि टोकाला टोक लावायचं. इथे त्या पुढे येऊच शकत नाहीत. मधे अख्खी खोली आहे, तिसऱ्या भिंतीवर बॉम्ब फुटतोय. तुम्ही नकळत हात पुढे करता, आणि प्रोजेक्टरच्या झोतात त्याची सावली साडीवर पडते.