७० भुजंगधारी आणि कॅप्टन जेकबचा ग्रह

भुजंगधारी तारकासमूहातील ७० क्रमांकाचा तारा वाशीमसारख्या ठिकाणाहून, आषाढातील ढग क्षणभर दूर झाले तर, नुसत्या डोळ्यांना एकेरी व मंद दिसतो. तो वस्तुतः युग्मतारा आहे, हे विल्यम हर्शेलने १७७९ मध्ये दाखविले. त्याचे दोन घटक सुमारे ८८ वर्षांत परस्परांभोवती एक प्रदक्षिणा पुरी करतात. सूर्यमालेबाहेरील ग्रहाविषयी जे अगदी आरंभीचे दावे झाले, त्यांतील एक याच ताऱ्यासंबंधी होता. आणि तो करणाऱ्या निरीक्षकाचा हात पुण्यात बसला होता.

बाँबे एंजिनिअर्सचा अधिकारी विल्यम स्टीफन जेकब याने १८४२ मध्ये पुण्यास स्वतःची वेधशाळा उभारली व तेथील वेधांवरून २४४ युग्मताऱ्यांची सूची सिद्ध केली. पुढे मद्रास वेधशाळेचा संचालक असताना, १८५५ मध्ये, ७० भुजंगधारीच्या गणितागत व प्रत्यक्ष स्थानांत त्याला नियमित विसंगती आढळली. सुमारे २६ वर्षांत फिरणारा एखादा अदृश्य ग्रह मानल्यास ती बरीचशी नाहीशी होत होती. प्रजापतीच्या गतीतील अशाच विसंगतीवरून वरुणाचा शोध लागून तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे हा तर्क धाडसी वाटत नाही. शिवाय जेकबने ग्रह 'सिद्ध' झाल्याचे कोठेही म्हटलेले नाही. 'अत्यंत संभाव्य' एवढेच म्हटले. पुढील लेखकांनी हा शब्दभेद नेहमीच पाळला, असे म्हणवत नाही.

१८९६ मध्ये टी. जे. जे. सी याने याच ताऱ्याला ३६ वर्षांच्या आवर्तनाचा एक अदृश्य सहचर जोडला. फॉरेस्ट रे मोल्टन याने १८९९ मध्ये त्यावर घेतलेला आक्षेप वेधांविषयी नव्हता, गतिशास्त्राचा होता: अशी त्रिपिंडव्यवस्था टिकूच शकत नाही.

युग्मताऱ्यात ग्रहाला निर्वेध जागा दोनच. एक तर त्याने एका घटकाच्या अगदी निकट राहावे, नाहीतर दोहोंपासून पुरेसे दूर राहून दोहोंना मिळून प्रदक्षिणा घालावी. मधल्या पट्ट्यातील कक्षा दोन्ही ताऱ्यांच्या ओढाताणीत विस्कटते. ७० भुजंगधारीच्या घटकांतील सरासरी अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे २३ पट असले, तरी कक्षा लांबट असल्यामुळे ते ११ पटींपर्यंत कमी होते. २६ वर्षांचा ग्रह केप्लरच्या नियमाने एका घटकापासून सुमारे साडेआठ पट अंतरावर पडतो. हॉल्मन व वीगर्ट यांनी १९९९ मध्ये दिलेल्या सूत्राने मात्र येथील निर्वेध मर्यादा जेमतेम तीन पट येते. दोहोंना वेढणारी कक्षा म्हणावी, तर तिचा काळ ८८ वर्षांहून अधिकच हवा. जेकबचा ग्रह अशा रीतीने दोन्हीकडून निराधार ठरतो. १९४३ मध्ये राइल व होल्मबर्ग यांनी तसाच दावा पुन्हा केला; नंतरच्या वेधांनी त्यालाही पाठिंबा दिला नाही.

दोन्ही प्रकारचे ग्रह मात्र पुढे खरोखरच सापडले. वृषपर्व्यातील गॅमा ताऱ्याच्या मुख्य घटकाभोवतीच्या ग्रहाला २००३ मध्ये पुष्टी मिळाली. ४१ दिवसांत परस्परांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांना २२९ दिवसांत वळसा घालणारा केप्लर-१६चा ग्रह २०११ मध्ये जाहीर झाला.

जेकबने १८५९ मध्ये मद्रास सोडले. पुण्यानजीक डोंगरावर वेधशाळा उभारण्यासाठी, स्वखर्चाने घेतलेले नऊ इंची भिंग बरोबर घेऊन, तो ऑगस्ट १८६२ मध्ये मुंबईस उतरला. त्याच महिन्याच्या १६ तारखेस पुण्यास त्याचे निधन झाले.