चीनानी

राजूरच्या आठवडे बाजारात हल्ली ड्रॅगन फ्रूट येते. विकणाऱ्या मावशींना विचारले, हे कुठले? त्या म्हणाल्या, "चायनाचं हाय." घरी नेऊन कापले. साखर घालायला विसरलेल्या सरबतासारखी चव! पण चवीपेक्षा मावशींचे उत्तर डोक्यात घोळत राहिले. कारण हे फळ निवडुंगाच्या कुळातले, मूळचे मध्य अमेरिकेकडचे. मग खरोखर चीनकडून आपल्याकडे आले ते काय, आणि ते आणणाऱ्यांचे पुढे काय झाले?

मी इतिहासाचा पदवीधर नाही. वाचत गेलो, टिपत गेलो, एवढेच. ह्युएन त्संग आपल्याला माहीत असतो तो सातव्या शतकातल्या महाराष्ट्राबद्दल आणि पुलकेशीबद्दल त्याने लिहिले म्हणून. त्याच्या पंजाबातल्या मजकुराकडे आपण फारसे वळत नाही. तिथे त्याने चीनभुक्ती नावाच्या प्रदेशाची नोंद केली आहे. कनिष्काकडे ओलीस म्हणून आलेली चीनकडची माणसे हिवाळ्यात तिथे राहत. त्यांच्या आधी त्या भागात पीच आणि नासपती नव्हती, ती त्यांनी लावली, असे लोक त्याला सांगत होते. पीचला तिथे 'चीनानी' म्हणत, नासपतीला 'चीनराजपुत्र'. कथेत दंतकथेचा भाग असेलही. पण कनिष्कानंतर काही शतके उलटून गेली होती, ओलीस माणसांपैकी कोणाचे नाव उरले नव्हते, आणि फळांची नावे तेवढी लोकांच्या तोंडी होती.

अशी वस्ती आपल्या जवळपास कुठे, हे शोधताना माझगाव सापडले. माझगाव एके काळी आंब्यांसाठी इतके नावाजलेले होते, की टॉमस मूर या आयरिश कवीच्या 'लाला रूख' (१८१७) या काव्यातही ते आंबे आले आहेत. पुढे बागा गेल्या आणि गोद्या वाढल्या. या गोद्यांच्या आधाराने चिनी खलाशी, सुतार, व्यापारी इथे राहिले. नवाब टँक रोडवर 'सी यप कून' हे त्यांचे देऊळ १९१९ पासूनचे म्हणून सांगतात. सी यप म्हणजे चार परगणे, दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतातले. परगावी गेलेल्या आपल्या माणसांनी गावकीचे मंडळ काढावे, तसेच हे.

जाण्याआधी क्रॉफर्ड मार्केटमध्ये, म्हणजे महात्मा फुले मंडईत, थांबलो. रांबुतान, मँगोस्टीन आणि लोंगन अशी तीन फळे थोडी थोडी घेतली. भाव ऐकून तिथेच परत फिरणार होतो, ते सोडा. डॉकयार्ड रोड स्टेशनच्या बाकावर बसून खाल्ली. मँगोस्टीनची जाड, जांभळी साल फोडली आणि आतल्या पांढऱ्या पाकळ्या जिभेवर ठेवल्या, तर आंबटगोड आणि ओळखीची. ओळखीची असणारच, ते कोकमाचे भाऊबंद. रांबुतान हे नाव मलाय भाषेतल्या 'केस' या शब्दावरून आले, आणि फळही तसेच केसाळ. ते, लिची आणि लोंगन ही तिन्ही रिठ्याच्या कुळातली. आमच्या डोंगरातले कोशिंबही त्याच कुळातले. त्याची आंबट फळे चोखत आम्ही शाळेतून घरी यायचो, तेव्हा आपण लिचीच्या चुलत बहिणीला चोखतो आहोत हे कोणाला ठाऊक! लोंगनचा चिनी अर्थ 'ड्रॅगनचा डोळा'. पारदर्शक गरातून काळी बी बुबुळासारखी दिसते. म्हणजे मावशींना जे हवे होते ते हे.

देऊळ लहान, लाल रंगाचे. खाली क्वान यिन ही करुणेची देवी, वर क्वान कुंग हा पराक्रमाचा देव. क्वान यिन म्हणजे मुळात आपला अवलोकितेश्वर, चीनमध्ये जाऊन देवी झालेला. बुडत्या जहाजातल्या माणसांना वाचवणारा अवलोकितेश्वर औरंगाबादच्या लेण्यांत कोरलेला आहे. खलाशांनी तोच सोबत आणावा आणि तो पुन्हा महाराष्ट्रातच येऊन बसावा, हे मला फार आवडले. पूजेत संत्री होती.

१९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य आमच्या घरी वडील छाती फुगवून सांगत. त्याच काळात देशातल्या चिनी वंशाच्या लोकांवर निर्बंध आले. सुमारे ३,००० जणांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवले गेले. त्यांत लहान मुले होती, इथेच जन्मलेली माणसे होती. काही जण तिथे वर्षानुवर्षे राहिले. देवळी हे नाव मराठी वाचकाला माहीत असते ते इंग्रजांनी कॉम्रेड डांग्यांना तिथे डांबले होते म्हणून. दुसरी हकीकत मला पन्नाशीपर्यंत कळली नव्हती. सुटल्यानंतर अनेक कुटुंबे देश सोडून गेली. माझगावची वस्तीही विरळ होत गेली.

देवळात एक वयस्क गृहस्थ होते. त्यांना १९६२ बद्दल विचारायचे, असे ठरवूनच मी गेलो होतो. प्रश्न वहीत लिहिलेला होता. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले, कुठून आलात विचारले. राजूर त्यांना माहीत नव्हते, भंडारदरा माहीत होते, मुलांना घेऊन गेले होते म्हणाले. वही मी पिशवीतच ठेवली.

आठ-दहा लोंगन उरली होती. ती संत्र्यांशेजारी ठेवली. त्यांनी एक उचलून पाहिले, पुन्हा जागेवर ठेवले आणि हिंदीत म्हणाले, "महाग पडली असतील."