विजयदुर्ग आणि हेलियमचा शोध : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना
सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ या नावाने ओळखले जाणारे चौथरे आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणप्रसंगी नॉर्मन लॉकियर यांनी येथूनच हेलियमचा शोध लावला, असा समज रूढ आहे. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा केली आहे.

वायूची ओळख : दोन मार्ग
मिश्रणातील वायूचे प्रमाण विद्युत-रासायनिक संवेदकाने मोजता येते. विद्युतअग्रावर वायूची अभिक्रिया होते आणि निर्माण होणारा प्रवाह त्याच्या प्रमाणानुसार बदलतो. हेलियम मात्र निष्क्रिय असल्याने हा मार्ग त्याच्यापुरता बंद आहे. त्याची ओळख प्रथम पटली ती प्रकाशामुळे. प्रत्येक तप्त वायू वर्णपटात स्वतःच्या विशिष्ट रेषा उमटवितो. त्यामुळे नमुना हाती नसतानाही घटक ओळखता येतात.

१८६८ चे ग्रहण
या ग्रहणात जान्सेन यांनी गुंटूर येथून, तर लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानातून सौरज्वालांचे वर्णपट पाहिले. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्येच होते. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी ग्रहणाविना सौरज्वालांच्या रेषा पाहिल्या. त्यांतील पिवळी रेषा (सुमारे ५८७.६ नॅनोमीटर) सोडियमच्या जोडरेषांशी जुळत नव्हती. तिच्या मुळाशी असलेल्या अज्ञात मूलद्रव्यास पुढे ‘हेलियम’ हे नाव मिळाले. १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांनी क्लेव्हाइट या खनिजातून हा वायू मिळविला, तेव्हा त्याचे पृथ्वीवरील अस्तित्व सिद्ध झाले.

१८९८ ची मोहीम
लॉकियर विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरील खलाशांच्या साहाय्याने त्यांनी वर्णपटाची छायाचित्रे घेतली. त्याच ग्रहणाचे निरीक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून केले.

निष्कर्ष
दोन ग्रहणांतील ३० वर्षांचे अंतर लोकस्मृतीत पुसले गेले असावे. ओट्यांचा संबंध १८९८ च्या मोहिमेशी जोडणे अधिक सयुक्तिक ठरते. त्यामुळे विजयदुर्गाचे महत्त्व उणावत नाही. सौरवर्णपटाच्या अभ्यासातील त्याचे स्थान पुराव्यानिशी निश्चित होते. मात्र दरवर्षी १८ ऑगस्टला विद्यार्थ्यांना सांगितला जाणारा इतिहास दुरुस्त करावा लागेल आणि त्यात जमखंडी व जेऊर या उपेक्षित स्थळांनाही स्थान द्यावे लागेल.