परक्याचा अन्याय आणि घरचा अन्याय

आमचे केळशी गाव दापोली तालुक्याच्या उत्तर टोकास, समुद्र आणि खाडी यांच्या बेचक्यात वसलेले आहे. महालक्ष्मीचे देऊळ, याकूबबाबांचा दर्गा आणि किनाऱ्यावरची वाळूची टेकडी एवढ्यामुळेच काय ते त्याचे नाव बाहेरच्यांस ठाऊक. अशा आडगावातल्या निवृत्त मास्तराने वर्णद्वेषासारख्या जगड्व्याळ विषयावर बोलावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु या विषयावर आपल्या देशात जो वाद शंभरांहून अधिक वर्षे चालला आहे, त्यातील बरीचशी माणसे आमच्या या टापूतली आहेत. गोखले गुहागरजवळच्या कोतळुकचे. टिळकांचे मूळ घर दापोलीजवळच्या चिखलगावचे. डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे, ते आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यात. गोपाळबुवा वलंगकर हे तर पेन्शन घेऊन दापोलीसच राहिले. तेव्हा घरचीच गोष्ट सांगतो आहे, असे समजावे.

वाद कोणता, ते आधी सांगितले पाहिजे. वर्णद्वेष वाईट, याविषयी आपल्यात कधीच दुमत नव्हते. दुमत होते ते त्याविषयी कोणी, केव्हा आणि कोणापुढे बोलावे यासंबंधी. परक्याने आपणांस हीन लेखले असता आपण जो संताप व्यक्त करतो, त्याच वेळी आपण ज्यांना हीन लेखतो त्यांची आठवण कोणी करून दिली, तर ती सत्यनिष्ठा समजावी की घरभेदीपणा?

इ. स. १८९६ साली मोहनदास गांधी नावाचे तरुण बॅरिस्टर नाताळहून काही महिन्यांसाठी स्वदेशी आले. तीन वर्षांपूर्वी, १८९३ च्या जून महिन्यात, मॅरित्सबर्ग स्टेशनावर पहिल्या वर्गाचे तिकीट जवळ असताही त्यांना डब्यातून खाली उतरविले होते, ही कथा आता शाळेतील पोरासही पाठ असते. राजकोटास बसून त्यांनी तेथील हिंदी लोकांच्या दुःखांविषयी एक पुस्तिका छापली. तिच्या मुखपृष्ठाच्या रंगावरून तिला ‘हिरवी पुस्तिका’ असे नाव पडले. नंतर ते मुंबईस आले, पुण्यास गेले, रानडे, टिळक, गोखले, भांडारकर या सर्वांना भेटले. २६ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईस फिरोजशहा मेहतांच्या पुढाकाराने सभा भरली. गांधींचा आवाज सभेत पोचेना, म्हणून त्यांचे भाषण दिनशा वाच्छांनी वाचून दाखविले. पदपथावरून चालण्याची बंदी, हॉटेलात मज्जाव, आगगाडीत मज्जाव, हे ऐकून शिकलेल्या वर्गात मोठाच क्षोभ झाला. आम्ही ब्रिटिश प्रजाजन म्हणवितो आणि आमची ही गत, असे जो तो म्हणू लागला.

याच सुमारास न्यायमूर्ती रानडे यांनी मुंबईच्या हिंदु युनियन क्लबाच्या विद्यमाने एक व्याख्यान दिले. त्या व्याख्यानाची हकीकत आपणांस कळते ती गोखल्यांमुळे. १९०३ च्या एप्रिलात धारवाड येथे सामाजिक परिषदेत अस्पृश्योन्नतीच्या ठरावावर बोलताना गोखल्यांनी ती सांगितली, आणि आपण ऐकलेल्या उत्तमोत्तम भाषणांत त्याची गणना केली. रानड्यांनी प्रारंभी दक्षिण आफ्रिकेतील बांधवांविषयी मनःपूर्वक सहानुभूती दर्शविली. देशास त्यांची कळकळ वाटू लागली हे राष्ट्र जिवंत होत असल्याचे चिन्ह आहे, असे म्हटले. मग त्यांनी विचारले, की ही सहानुभूती देशाबाहेर गेलेल्या हिंदी माणसांपुरतीच आहे काय? जेथे जेथे जुलूम असेल तेथे ती जाणार, की नाही? आणि मग आपल्याच देशात निरनिराळ्या प्रांतांत अस्पृश्यांस कसे वागविले जाते त्याचे त्यांनी असे वर्णन केले, की सभेने माना खाली घातल्या. असला जुलूम आपल्या घरी चालू देणाऱ्यांनी आफ्रिकेतील गोऱ्यांवर तोंडसुख घ्यावे हे शोभते काय, असा त्यांचा शेवटचा प्रश्न होता.

या भाषणातील एक गोष्ट माझ्या मनात नेहमी घोळते, ती त्याचा क्रम. रानड्यांनी आफ्रिकेतील अन्याय आधी मान्य केला, त्याविषयीचा राग रास्त ठरविला, आणि मगच तो राग घराकडे वळविला. असल्या भाषणाची नक्कल पुढे पुष्कळांनी केली. परंतु बहुतेकांनी पहिला भाग गाळला. ‘तुम्ही तरी कोठे शुद्ध आहात?’ एवढेच वाक्य उरले म्हणजे त्याने कोणाच्याही तोंडास कुलूप घालता येते. गोऱ्या वसाहतवाल्यांस ते फार सोयीचे होते, आणि पुढे त्यांनी ते वापरलेही.

म्हणूनच दुसरा पक्ष अगदीच टाकाऊ होता, असे मी म्हणणार नाही. त्या पक्षाचे म्हणणे असे, की घरातील भांडण चव्हाट्यावर मांडले की परका त्याचा फायदा घेतो. आधी राज्य हाती येऊ द्या, मग घर झाडू. १८९५ साली पुण्यास काँग्रेस भरली तेव्हा हा वाद अगदी टोकास गेला. काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरू देऊ नये असा आग्रह पडला, मंडप जाळण्याची भाषा झाली, आणि काँग्रेसला अपाय होऊ नये म्हणून रानड्यांनी आपली परिषद निराळ्या जागी नेली. टिळकांची बाजू यात कोणती होती हे सर्वश्रुत आहे. तेच टिळक १९१८ च्या मार्च महिन्यात मुंबईस, विठ्ठल रामजी शिंदे यांनी भरविलेल्या अस्पृश्यता-निवारण परिषदेत गेले आणि देव जर अस्पृश्यता मानीत असेल तर त्या देवासच मी मानणार नाही, अशा अर्थाचे बोलले. परंतु स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही, या प्रतिज्ञापत्रकावर त्यांनी सही केली नाही. व्याख्यानास टाळ्या पडल्या, कागद मात्र कोरा राहिला. चिखलगाव आमच्या तालुक्यातले, म्हणून हे सांगताना माझी जीभ थोडी अडखळते. पण सांगितले पाहिजे.

रानडेही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असून १८७३ साली त्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला. मिशनऱ्यांकडे चहा घेतल्याबद्दल प्रायश्चित्तही घेतले. आरसा दाखविणाऱ्याचा स्वतःचा चेहरा स्वच्छच असतो असे नाही. आणि ज्यांची बाजू घेऊन त्यांनी सभेस लाजविले त्या गांधींकडे पाहिले तरी तोच प्रकार. त्या वेळच्या गांधींची तक्रार अशी होती, की गोरे लोक हिंदी माणसास आफ्रिकेतील काळ्या माणसाच्या पंक्तीस बसवितात. मुंबईच्या त्या भाषणातच काळ्या लोकांविषयी जे उद्गार आहेत ते आज वाचवत नाहीत. डर्बनच्या पोस्टात गोऱ्यांसाठी एक आणि काळ्यांसाठी व हिंदी लोकांसाठी मिळून एक असे दरवाजे होते. त्यावर हिंदी लोकांनी मागणी केली ती निराळ्या तिसऱ्या दरवाजाची. पुढील आयुष्यात गांधी या विचाराच्या फार पलीकडे गेले, हे खरे. परंतु २०१८ च्या डिसेंबरात घाना देशातील विद्यापीठाने त्यांचा पुतळा आपल्या आवारातून हलविला, त्याचे मूळ या जुन्या लिखाणात आहे. तेथील अध्यापकांस कृतघ्न म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ निघाले. आपण मात्र मॅरित्सबर्गच्या गोऱ्यास सव्वाशे वर्षे विसरलेलो नाही.

आता दापोलीकडे येऊ. रानडे, टिळक, गोखले बोलत होते ते ज्यांच्याविषयी, ती माणसे त्या सभांत नव्हती. ती येथे दापोलीच्या कॅम्पात होती. कंपनी सरकारच्या वेळेपासून मुंबई पलटणीत महार शिपाई फार. आणि पेन्शनर लष्करी लोकांची दापोलीस वस्ती मोठी. गोपाळबुवा वलंगकर हे महाडजवळच्या रावढुळचे. १८८६ साली पलटणीतून निवृत्त होऊन ते दापोलीस राहिले. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली, ‘दीनबंधू’ पत्रात लिहिले, आणि एक मंडळी स्थापन केली, तिचे नाव ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’.

या नावातील पहिल्या शब्दापाशी थोडे थांबावे. आर्य आणि अनार्य हा भेद त्या काळी युरोपी पंडितांनी वंशाच्या अर्थाने रूढ केला होता. आमच्यातील कित्येक उच्चवर्णीयांस तो फार आवडला, कारण त्या हिशोबाने ते साहेबाचे चुलतभाऊ ठरत होते. साहेबाने ‘काळा’ म्हटले की राग यावयाचा, आणि साहेबाच्याच पुस्तकातून आपण गोऱ्यांच्या कुळातले असल्याचा दाखला काढावयाचा, असा हा दुहेरी व्यवहार. जोतीराव फुल्यांनी तेच शस्त्र उलटे फिरविले. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी आर्यांस बाहेरून आलेले जुलमी ठरविले, आणि ते पुस्तक निग्रो गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केले. वलंगकर त्याच वाटेने गेले.

परंतु वलंगकरांच्या पाठीत खंजीर बसला तो साहेबाच्याच हातचा. १८९०–९५ च्या दरम्यान सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. कारण काय, तर काही जाती ‘लढाऊ वंशा’च्या आणि काही नव्हेत, असे शास्त्र लष्करी अंमलदारांनी बनविले. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या त्यांच्यासाठी रक्त सांडले ते एका फटक्यात अलढाऊ ठरले. आणि यात साहेबाचा वर्णाभिमान व आमचा जातिअभिमान यांनी एकमेकांस कशी टाळी दिली, पाहा: वरच्या जातीचे शिपाई अस्पृश्याबरोबर राहणार नाहीत, हीही सबब त्यामागे होतीच. वलंगकरांनी पेन्शनर लोकांच्या वतीने १८९४ च्या सुमारास सेनापतीच्या नावाने अर्ज तयार केला. त्यांना आमच्या सभांतील दोन्ही पक्ष उपयोगाचे नव्हते. ‘आधी परक्याशी लढा’ म्हणावे, तर त्यांची भाकर परक्याच्या पलटणीत. ‘आधी घर सुधारा’ म्हणावे, तर घरात त्यांना कोणी घेतच नव्हते.

या सर्व वंशशास्त्राची भिंत पाडावयास निघाले ते पुन्हा आमच्याच जिल्ह्याशी नाते असलेले दोघे. एक मालवणचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये. मालवण त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सरकारी अंमलदार रिस्ले यांनी नाकांची मापे घेऊन जातींचे वंश ठरविले होते. घुर्यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात तो हिशोब तपासून त्याच्या मर्यादा दाखविल्या. दुसरे डॉ. आंबेडकर. १९१६ साली न्यूयॉर्कला वाचलेल्या निबंधातच त्यांनी जातीचे मूळ वर्णात किंवा वंशात नाही, असे प्रतिपादिले. आणि १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरील ग्रंथात त्याच मापांच्या कोष्टकांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य निराळ्या वंशाचे ठरत नाहीत, असे दाखविले. फुले-वलंगकरांचा वंशाचा दावा त्यांनी सोडून दिला, पण तक्रार एका अक्षरानेही सौम्य केली नाही. उलट १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील निग्रोंचे पुढारी डॉ. डुबॉइस यांस पत्र लिहून, निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली. वंश निराळा, दुःख एका जातीचे, हे त्यांस पक्के ठाऊक होते.

त्याच १९४६ साली हिंदुस्थानने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि तेथील हिंदी लोकांचा प्रश्न राष्ट्रसंघापुढे नेला. विजयालक्ष्मी पंडित यांनी स्मट्ससारख्या मातब्बर मुत्सद्द्यास तोंड देऊन डिसेंबरात ठराव मंजूर करून घेतला. ही आपल्या देशाची निर्विवाद थोर कामगिरी होय. पुढे १९६५ साली वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करार तयार होत असता त्यातील व्याख्येत वंश, वर्ण यांच्या जोडीने ‘कुलजन्म’ या अर्थाचा शब्द घातला गेला, तोही हिंदुस्थानच्याच सूचनेवरून. आणि २००१ साली डर्बन येथे, ज्या शहरात गांधी बोटीतून उतरले त्याच शहरात, वर्णद्वेषाविरुद्ध जागतिक परिषद भरली तेव्हा दलित संघटनांनी त्याच शब्दावर बोट ठेवून जातिभेदाचा विचार व्हावा अशी मागणी केली. आपल्या सरकारने विरोध केला: जात म्हणजे वंश नव्हे, आणि तो आमच्या घरचा प्रश्न आहे. ‘घरचा प्रश्न’ हेच उत्तर १९४६ साली स्मट्सनी आपणांस दिले होते.

जात म्हणजे वंश नव्हे, हे शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे. आंबेडकर तेच सांगत होते. परंतु वादाचा मुद्दा शास्त्राचा नव्हताच. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सिॲटल शहराने जातिभेदास कायद्याने बंदी केली तेव्हाही आपल्या तिकडच्या मंडळींत तोच तंटा जुंपला. मुलाला शाळेत रंगावरून हिणविले तर जे आईबाप मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन जातात, त्यांतील काहींना हा कायदा आपल्या समाजाची बदनामी वाटला. ती भीतीही सर्वस्वी खोटी नाही. परमुलखात अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्यास संशयाचा जाच खराच होतो. मात्र तसाच जाच आपल्याच शेजारच्या बाकावरील भारतीयास आपणांकडून होत असेल, हे मनात येणे कठीण.

ते किती कठीण, हे मी स्वतःवरून सांगतो. चाळीस वर्षांपूर्वी मी एका खेड्यात शिक्षक होतो. मॅरित्सबर्गची गोष्ट शिकवीत होतो, आणि बऱ्यापैकी रंगली होती. मुलांच्या मुठी वळल्या होत्या. इतक्यात ओढ्यापलीकडच्या वाडीतला एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, “गुरुजी, आमची आय विहिरीवर गेली की बायका आपापल्या कळश्या बाजूला घेतात. त्या काय गोऱ्या आहेत?” वर्गात कोणी हसले नाही. मी म्हणालो, “तो आजच्या धड्यातला विषय नव्हे. खाली बस.” तो बसला. त्या विहिरीचे पाणी मीही पीत होतो आणि तेथे काय चालते ते मला पूर्ण ठाऊक होते. रानड्यांचे भाषण त्या वेळी मी वाचलेले नव्हते. पण वाचले असते तरी मी निराळे उत्तर दिले असते, असे छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

काही वर्षांपूर्वी महालक्ष्मीच्या यात्रेत तो मला भेटला. मुंबईस चांगल्या नोकरीत आहे, मुलगी परदेशी शिकते आहे. मी त्या प्रश्नाची आठवण काढली आणि माफी मागितली. त्याला ते काहीच आठवत नव्हते. विहीर मात्र आठवत होती. मी विचारले, आता तेथे कसे आहे? तो म्हणाला, नळयोजना आल्यापासून त्या विहिरीवर कोणीच जात नाही, गुरुजी. टाक्या दोन बांधल्या आहेत, एक गावात आणि एक आमच्याकडे.