टेकडीवरचा खांब आणि आपण

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपल्या भागाच्या इतिहासावर काहीतरी असावे, असे मंडळाच्या बैठकीत ठरले. गडकिल्ले आणि देवस्थाने यांवर लिहिणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. म्हणून मी जरा निराळा विषय घेतला आहे. तो म्हणजे आवाज आणि चित्र लांब पोचवणारा उंच खांब, ज्याला आपण सरसकट टॉवर म्हणतो. दगडी वास्तूचा इतिहास लिहितात, मग लोखंडी खांबाचा का लिहू नये? त्याचेही दिवस पालटले आहेत आणि त्याच्याबरोबर आपलेही.

सन १९२७ चे महत्त्व महाडच्या माणसाला सांगावे लागत नाही. त्या वर्षी २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि सार्वजनिक पाणवठा सर्वांचा, हे कृतीने दाखवून दिले. त्यानंतर चारच महिन्यांनी, २३ जुलैला, मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे रेडिओ केंद्र सुरू झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. तथापि, जी वस्तू सर्वांची म्हणवते तिच्यापर्यंत प्रत्यक्षात कोण पोचतो, हा तळ्याचा प्रश्न खांबालाही लागू पडतो, असे मला वाटते.

ते पहिले केंद्र अवघ्या दीड किलोवॅट शक्तीचे होते. कंपनी १९३० साली बुडाली आणि सरकारने कारभार हाती घेतला. १९३६ साली 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आले आणि १९५७ साली 'आकाशवाणी' हे नाव रूढ झाले. दरम्यान २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्रही सुरू झाले होते.

मुंबईचा आवाज सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यांपर्यंत पोचला, तो मध्यम लहरींमुळे. ही लहर जमिनीला धरून चालते आणि डोंगराआड थोडीफार वळते. पुढे अस्मिता वाहिनी म्हणून ओळखल्या गेलेल्या मुंबई 'ब' केंद्राचे ५५८ किलोहर्ट्झ आकडे घेतले, तर एका लहरीची लांबी सुमारे ५३८ मीटर भरते. एवढी मोठी लहर सोडायची तर खांबही तसाच उंच लागतो. मध्यम लहरींच्या केंद्रात बहुधा तो सबंध खांबच आकाशतारेचे काम करतो. म्हणून तो तळाशी चिनी मातीच्या ठोकळ्यावर, जमिनीपासून विजेच्या दृष्टीने अलग असा, उभा केलेला असतो आणि चहूबाजूंनी तारांचे ताण देऊन सावरलेला असतो.

तिकडे एवढा थोरला खांब, तर इकडे गावात दोन बांबू! सरकारी योजनेतून गावोगाव सार्वजनिक रेडिओ बसले, ते बॅटरीवरचे होते. चावडीच्या दोन टोकांना बांबू उभे करून त्यांच्यामध्ये तार ताणायची आणि दुसरी तार जमिनीत पुरायची. माझे माहेर पोलादपूरकडचे. आई सांगे, संध्याकाळी बाजारभाव आणि शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम लागला की पुरुषमंडळी आत घोंगडीवर बसत. बायका मात्र पायरीच्या खाली, डोक्यावरची घागरही न उतरवता, जेवढे कानावर पडेल तेवढे ऐकत. भाताच्या रोगाची माहिती सांगत असत, आणि लावणी करणाऱ्या बाहेर उभ्या! रेडिओ गावाचा होता, पण चावडी गावातल्या सर्वांची नव्हती.

याच सुमारास, १९५६ साली, पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापून त्यांना शेतीचे आणि गावसुधारणेचे कार्यक्रम ऐकवले. मंडळींनी ऐकावे, आपसात चर्चा करावी, शंका केंद्राकडे कळवाव्यात आणि केंद्राने पुढच्या खेपेस उत्तरे द्यावीत, अशी ती रीत होती. आपला त्या वेळचा कुलाबा जिल्हा त्यात नव्हता. तरी त्या प्रयोगातील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. खांबाने नुसते बोलायचे नाही, ऐकायचेही, हे त्यात प्रथमच मान्य झाले. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली.

पुढे ट्रान्झिस्टर आले आणि चावडीची पायरी आपोआप मागे पडली. आपल्या भागातील घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत. तो गणपतीला किंवा शिमग्याला येताना रेडिओ घेऊन येई. टपाल कचेरीत लायसन्सचे पैसे भरावे लागत, तेही भरले जात. 'कामगार सभा' धनी गिरणगावात ऐकत आणि घरधनीण इथे चुलीपाशी. 'वनिता मंडळ' तर आपल्या हक्काचेच. 'प्रपंच'मधील टेकाडे भावजी आणि मीना वहिनी हे शेजारीच राहतात, असे आम्हां मुलींना वाटे. बाईने घरात बसून बाहेरचे जग पुरुषाच्या मध्यस्थीशिवाय ऐकले, ते या वेळी.

दूरदर्शनने मात्र डोंगराची आठवण करून दिली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी पुण्यासाठी सिंहगडावर मनोरा उभा राहिला. दूरचित्रवाणीची लहर सरळ रेषेत जाते, डोंगर आड आला की तिची सावली पडते. म्हणूनच मनोऱ्यासाठी गडाचा माथा शोधावा लागला. आपल्या खोऱ्यात घरोघरी कौलांवर ॲल्युमिनियमचे सांगाडे चढले. एकाने वर तो फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून "आलं, आलं! गेलं!" म्हणून ओरडायचे, हे पुष्कळ भगिनींना आठवत असेल. छत्र्या आल्या आणि ते सांगाडे भंगारात गेले. दूरदर्शनचे जुने भूप्रक्षेपकही २०२२ पर्यंत बहुतेक बंद झाले.

आता टेकडीवर खांब दिसतो तो मोबाईलचा. त्याचे काम अगदी उलटे. रेडिओचा खांब एकाचा आवाज सर्वांना देई, हा खांब प्रत्येकाला ज्याचा त्याचा आवाज निराळा नेऊन देतो. मुंबईच्या मुलाशी रोज बोलता येते, हे सुख थोडे नाही. परंतु संकट सर्वांवर एकदम येते.

जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला तळीये येथे ऐंशीहून अधिक गेली, आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही बळी गेले. त्या वेळी सावित्री आणि गांधारीच्या पुराने महाड शहर बुडाले होते, रस्ते तुटले होते, वीज गेली होती. वीज गेली की टॉवर बॅटरीवर किंवा डिझेलवर चालतो, आणि तेही संपले की तो नुसता लोखंडाचा सांगाडा उरतो. हातात फोन असून हाक मारता येत नव्हती, हे आपण भोगले आहे.

या अनुभवानंतर खांबाचा उपयोग पुन्हा एकदा पालटतो आहे. २०२३ साली सर्वांचे फोन एकाच वेळी कर्कश वाजले होते, ते स्मरत असेल. ती धोक्याच्या इशाऱ्याची चाचणी होती. टॉवरच्या टापूतील सर्व फोनांना एकच संदेश एकदम द्यायचा, म्हणजे मोबाईलच्या खांबाने जुन्या रेडिओचे काम करायचे. दुसरी वाट सामुदायिक रेडिओची. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला, आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही लहानसे केंद्र काढता येऊ लागले. त्याला शंभर वॅट शक्ती आणि तीस मीटरपर्यंत उंचीचा खांब चालतो. सातारा जिल्ह्यात म्हसवडला २००८ साली सुरू झालेल्या 'माणदेशी तरंग'ने खेड्यातील बायकांचा आवाज हवेत सोडला. दुष्काळी माणदेशातील बाया हे करू शकतात, तर पावसाच्या मुलखातील आपणही विचार करावयास हरकत नाही.

तूर्त मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आपल्या वाडीजवळचा टॉवर वीज गेल्यावर किती तास चालतो आणि पावसाळ्यापूर्वी त्याचे डिझेल कोण पाहतो, हे ग्रामसभेत विचारावे. प्रत्येक वाडीत सेलवर चालणारा एक भोंगा आणि तो हाती घेऊन घरोघर फिरणाऱ्या दोन भगिनी नेमून ठेवाव्यात. आणि इशारा आला की म्हातारी माणसे, बाळंतिणी आणि गुरे कोठे हलवायची, हे मे महिन्यातच ठरवावे. चवदार तळ्याचा हक्क न्यायालयात शाबीत व्हायला १९३७ साल उजाडले. खांबावरचा आपला हक्क कागदावर तर मान्य झालाच आहे. तेव्हा ज्येष्ठातल्या पहिल्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी माझी मंडळाला विनंती आहे.