हवेच्या तापमानानुसार प्रज्वलनवेळेची दुरुस्ती

पेट्रोल इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या तापमानाप्रमाणे स्पार्क प्लगची ठिणगी पडण्याची वेळ मागे-पुढे करण्याच्या क्रियेस हवेच्या तापमानानुसार प्रज्वलनवेळेची दुरुस्ती असे म्हणतात. आधुनिक वाहनांत हे काम इंजिनाचा संगणक, म्हणजेच ईसीयू, करतो. डिझेल इंजिनात ठिणगीच नसल्यामुळे ही दुरुस्ती तेथे या स्वरूपात आढळत नाही.

पार्श्वभूमी

सिलिंडरमधील मिश्रण एकदम जळत नाही. ज्योत पसरण्यास काही मिलिसेकंद लागतात. म्हणून दट्ट्या माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच ठिणगी द्यावी लागते. ही आगाऊ वेळ क्रँकशाफ्टच्या अंशांत मोजतात आणि तिला कारागीर ‘ॲडव्हान्स’ म्हणतात. ती कमी करणे म्हणजे ‘रिटार्ड’ करणे.

प्रीमियर पद्मिनीच्या पिढीतील गाड्यांत डिस्ट्रिब्युटरमधील फिरती वजने इंजिनाच्या वेगानुसार ही वेळ बदलत. हवा किती तापली आहे, हे त्या यंत्रणेला कळत नसे. मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर सैल करून किंचित फिरवी आणि कानाने अंदाज घेई; त्या कानाची बरोबरी करण्यास यंत्रांना बराच काळ लागला. बॉश कंपनीने १९७९ मध्ये मोट्रॉनिक ही इंधन व ठिणगी एकत्र हाताळणारी संगणकीय प्रणाली आणली. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ निकष लागू झाल्यावर बहुतेक दुचाकींतही ईसीयू आला.

तापलेल्या हवेचा परिणाम

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. जुळे सोलापूर भागात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या बॉनेटखालील हवा त्याहूनही तापलेली असते. हवा २० अंशांवरून ४५ अंशांवर गेली, तर तिची घनता सुमारे ८ टक्के घटते आणि शक्ती कमी होते. परंतु खरा धोका निराळा आहे. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तेव्हा सुरुवातीचा फरक वाढत जातो. संपीडन गुणोत्तर १० धरल्यास ढोबळ हिशेबाने २५ अंशांचा फरक दाब पूर्ण होईपर्यंत सुमारे ५५ अंशांचा होतो. अशा वेळी ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील मिश्रण आपोआप पेट घेते. यालाच नॉकिंग म्हणतात. चढावर किंवा भरल्या गाडीत ऐकू येणारी धातूची टकटक ती हीच. ती दीर्घकाळ चालू राहिल्यास दट्ट्याचा माथा झिजतो, कड्या तुटतात.

ठिणगी काही अंश उशिरा दिल्यास सिलिंडरमधील कमाल दाब व तापमान उतरते आणि नॉकिंग टळते. मात्र या उपायाची किंमत मोजावी लागते. ज्वलन लांबल्याने उष्णता धुराड्यावाटे वाया जाते, पेट्रोल अधिक लागते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो.

संवेदक आणि तक्ता

हवेचे तापमान थर्मिस्टर मोजतो. उष्णता वाढली की त्याचा रोध घटतो. टर्बो असलेल्या इंजिनात हा संवेदक इंटरकूलरच्या पुढे बसवणे योग्य, कारण टर्बोत दाबली गेल्याने हवा पुन्हा तापते. ईसीयूमधील तक्त्यात प्रत्येक तापमानासमोर किती अंश वजा करावयाचे ते लिहिलेले असते. साधारण हवामानात हा आकडा शून्य असतो.

ट्यूनिंग करताना येथेच गफलत होते. थंड सकाळी बसवलेला मूळ तक्ता निर्दोष वाटतो; दुरुस्तीचा तक्ता कोरा राहिल्याचे मे महिन्यात विजापूर रस्त्यावर दुपारी गाडी ओढताना उघडकीस येते. उलट प्रकारही घडतो. सिग्नलवर थांबलेल्या गाडीत वाहती हवा नसल्याने संवेदक इंजिनाच्या धगीने तापतो आणि आत येणाऱ्या हवेपेक्षा अधिक आकडा दाखवतो. मग गाडी सुटताना ठिणगी विनाकारण मागे जाते व गाडी मरगळल्यासारखी चालते. म्हणून अनेक प्रणालींत कमी भारावर ही दुरुस्ती सौम्य ठेवतात आणि अधिक भारावर पूर्ण लावतात.

नॉक संवेदक असला, तरी हा तक्ता अनावश्यक ठरत नाही. तो संवेदक टकटक सुरू झाल्यावरच हालचाल करतो. तापमानाचा तक्ता ती सुरू होण्याआधी ठिणगी मागे घेतो. दोन्ही एकाच वेळी मोठी वजाबाकी करू लागल्यास मात्र इंजिनाची ताकद नाहक जाते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलात ऑक्टेन अधिक असते व बाष्पीभवनाने मिश्रण थंडही होते. त्यामुळे त्यासाठी तक्ता नव्याने तपासावा लागतो.