उसाचा भाव आणि जिनिव्हाचा हिशेब

कोल्हापूर-सांगलीकडे ‘एफआरपी’ म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर. केंद्र सरकार तो ठरवतं. त्याहून कमी दर कारखान्याला देता येत नाही. २००९ पासूनची ही पद्धत. आता तिचा जिनिव्हाशी संबंध काय, ते पाहू.

१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि तिच्यासोबत शेतीचा करार. करारानं देशांतर्गत अनुदान बंद केलं नाही, त्याला मर्यादा घातली. भारतासाठी ती पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्के. भारत ही मर्यादा ओलांडतो, शिवाय साखरनिर्यातीला नियमबाह्य मदत देतो, अशी तक्रार ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालानं २०१९ मध्ये केली.

भारताचा युक्तिवाद सरळ होता. उसाचे पैसे कारखाने देतात, सरकार नाही. मग हे अनुदान कसलं? डिसेंबर २०२१ मध्ये तंटा-पॅनेलनं तो फेटाळला. मेख इथे आहे. करारातला हा हिशेब सरकारी खर्चाचा नाहीच. सरकारनं ठरवलेल्या दरातून १९८६-८८ चा संदर्भ-भाव वजा करायचा आणि फरकाला उत्पादनानं गुणायचं. मधल्या तीस वर्षांत महागाई कुठल्या कुठे गेली, संदर्भ-भाव मात्र तिथेच. म्हणजे तिजोरीतून पैसा न जाताही कागदावर अनुदान फुगतं!

युरोपीय संघ २००५ मध्ये साखरेचाच खटला हरला आणि २००६ मध्ये त्यानं आपली साखरव्यवस्था बदलली. भारतानं अपील केलं. पण अमेरिकेनं सदस्यांच्या नेमणुका अडवल्यामुळे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प आहे. निकाल लटकला.

मग नियमाचा उपयोग शून्य? तसंही नाही. निर्यातीची मदत २०१९-२० मध्ये टनाला १०,४४८ रुपये होती. पुढच्या हंगामात ती ६,००० वर आली आणि २०२१-२२ मध्ये थांबली. जागतिक भाव चढले होते, हे खरंच. पण निर्यातखर्चाला मदत देण्याची विकसनशील देशांची सवलत २०२३ अखेर संपणार, हेही २०१५ च्या नैरोबी परिषदेत ठरून गेलं होतं.

एफआरपी मात्र वाढतच राहिली. २०२१-२२ मध्ये १० टक्के उताऱ्याला टनामागे २,९०० रुपये, २०२४-२५ मध्ये १०.२५ टक्क्यांना ३,४००.

यातून काय दिसतं? बाहेरच्या नियमापुढे सरकार सगळीकडे सारखं वाकत नाही. निर्यातीची मदत सोडता येते. लाखो ऊसकरी घरांचा दर सोडणं कोणत्याही सरकारला परवडत नाही.